दुसऱ्याच्या नावाचं ‘हाय’

१

रेवदंड्याच्या एका बर्फाच्या कारखान्यावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. खाली दिवसभर लाद्या फुटायच्या आणि वर दोन माणसं सॉफ्टवेअर करायची. नवख्या माणसाचं पाच मिनिटांत डोकं उठावं असा तो आवाज. पण प्राप्ती आणि दिपेश यांना सहा वर्षांत त्याची इतकी सवय झाली होती, की कारखाना बंद असला की त्यांनाच काही सुचत नसे. मागच्या खोलीची एक भिंत बारा महिने गार असायची. उन्हाळ्यात दिपेश तिला पाठ लावून बसायचा आणि आपल्यासारखा एसी अख्ख्या तालुक्यात कुणाकडे नाही म्हणून फुशारकी मारायचा.

दोघं अलिबागच्या कॉलेजात एकाच वर्गात होते. दिपेश मिठागरवाल्यांच्या घरातला. आता त्यांचे ट्रक आहेत. बोलायला बसला की समोरच्याला उठू द्यायचा नाही. प्राप्ती काळूराम तांडेलाची एकुलती मुलगी. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. ती बोलायची कमी आणि बघायची फार. कुठलंही काम समोर आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला : हे वापरणार कोण? “हिला लग्नाची पत्रिका दाखवली तरी हेच विचारेल,” असं दिपेश चारचौघांत सांगायचा.

दीड वर्षापासून मात्र कोड दोघांपैकी कोणीच लिहीत नव्हतं. ते काम चार एजंटांकडे होतं, म्हणजे एआयला नेमून दिलेल्या चार वेगवेगळ्या भूमिकांकडे. त्यांची नावं प्राप्तीनंच ठेवलेली. मुकादम काम तोडून वाटायचा. कारागीर कोड लिहायचा. खोडकर तो कोड मोडतो का ते बघायचा. आणि मास्तर सगळं वाचून शेरे मारायचा. ज्यानं केलं त्यानं तपासायचं नाही, हा तिथला कायदा. चौघांचं एकमत झालं तरी शेवटी एका माणसानं सगळं वाचून खाली ‘पाहिलं’ असं लिहीपर्यंत काहीही बाहेर जात नसे. ते माणूस म्हणजे प्राप्ती.

चौघांना द्यायच्या सूचनांची एक फाइल होती. तिची पहिली ओळ प्राप्तीनं स्वतः लिहिली होती : ‘दुसऱ्याच्या नावाचं हाय कोणी द्यायचं नाही.’

२

ही ओळ तिनं बापाच्या होडीवरून उचलली होती.

तिचं गाव रेवदंड्यापासून रिक्षानं वीस मिनिटांवर, काशीदच्या वाटेला. गावाची स्वतःची छोटी खाडी आहे. मासेमारी करून होडी खाडीच्या तोंडाशी आली की काळूराम इंजिन बंद करायचा आणि एकेकाचं नाव घ्यायचा. गणराज, हाय का? हाय. कोंडाजी, हाय का? हाय. ज्याचं नाव, त्यानंच उत्तर द्यायचं. झोपलेल्याला लाथ घालून उठवतील, पण त्याच्या वतीनं कोणी तोंड उघडायचं नाही.

कारण तीस वर्षांपूर्वी एकानं ते उघडलं होतं. काळूरामचा धाकटा भाऊ चांगदेव मागे जाळ्याखाली झोपलाय, दमलाय पोर, झोपू दे, असं म्हणून एका जिवलग मित्रानं त्याच्या नावाचं हाय दिलं. धक्क्यावर जाळं उचललं तेव्हा खाली कोणी नव्हतं. तो कुठे पडला, कधी पडला, हे कोणालाच सांगता आलं नाही. मायेनं केलेलं ते काम होतं, पण काळूरामनं त्या मित्राचं तोंड पुन्हा पाहिलं नाही.

होडीवरची नावं संपली की शेवटचं नाव किनाऱ्याचं. आई गेली तेव्हापासून, म्हणजे चौदाव्या वर्षापासून, ते नाव प्राप्तीचं होतं. “प्राप्ती, हाय का गो?” अशी हाक आली की तिनं धक्क्यावरून “हाय!” म्हणायचं. उजेड असला तर ही नुसती रीत. पण धुकं असलं की काळूराम त्या आवाजाच्या रोखानं होडी आत घ्यायचा. आत येताना धक्का उजव्या हाताला आणि डाव्या हाताला पडक्या बुरुजाखालचा खडक. बुरुजाच्या भिंतीवर आवाज आपटून परत येतो, म्हणून तांडेलानं फक्त पहिलं उत्तर धरायचं. त्यानंतर ऐकू येईल तो भिंतीचा आवाज. पहिलं उत्तर मिळालं की इंजिन लगेच सुरू, कारण पाण्याच्या ओढीत होडी फार वेळ मोकळी सोडता येत नाही.

यावरूनच दोघांनी ॲप काढलं होतं. नावही ‘हाय’. होडी परत आली की प्रत्येकानं आपापल्या फोनवर एक बटण दाबायचं, घरच्यांना नाव हिरवं दिसतं. आसपासच्या बावीस होड्या ते वापरत होत्या. काळूरामच्या होडीवरचे बाकीचे चौघेही वापरत. काळूराम मात्र दिलेला फोन पिशवीतून काढत नसे.

“माजा ॲप धक्क्यावर उभा ऱ्हातो,” तो म्हणायचा. “त्याला चार्जिंग लागत न्हाय.”

३

जानेवारीतला सोमवार. प्राप्ती सकाळी सातला धक्क्यावर गेली, होडीला हाय दिलं, घरी येऊन भाकरी खाल्ली आणि साडेनऊला ऑफिसात आली. खाली लाद्या फुटत होत्या. तिनं चहाचा कप टेबलावर ठेवला, स्क्रीन उघडली आणि कप पुन्हा उचललाच नाही.

ॲपमध्ये एक बदल होऊन बाहेर गेलेला होता. चौघांच्या नोंदी जागच्या जागी होत्या. खाली शेरा होता :

‘हे वापरणार कोण? कोंडाजीमामांची बोटं ओली असतात. बटण मोठं करा. पाहिलं. प्राप्ती. सकाळी ७.१०.’

सात दहाला ती धक्क्यावर होती. तिचा फोन घरी उशीखाली होता.

तिनं स्वतःशी वाद घातला. रात्री उशिरा मंजूर केलं असेल आणि वेळ चुकीची पडली असेल. झोपेत केलं असेल. माणसं झोपेत दारं उघडतात. पण कोंडाजीमामांच्या बोटांचं काय? मामांनी शर्टाला तीनदा बोट पुसलं, तरी बटण दाबलं जाईना, हे तिनं त्याच सकाळी पाहिलं होतं. बटण मोठं हवं, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. नुसतं मनात. कोणाजवळ बोलली नव्हती ती.

“तूच केलं असशील मोबाइलवरून,” दिपेश मान वर न करता म्हणाला.

“माझ्याकडे मोबाइल नव्हता.”

“मग झालं असेल कायतरी. बटण मोठं झालं ना? चांगलंच झालं की.”

खाली मशीन थांबलं. खोलीत एकदम इतकी शांतता पसरली, की दिपेशच्या घशाखाली उतरलेला आवंढा तिला ऐकू आला.

४

तो आवंढा तिनं सोडला नाही. दुपारी डबा खाताना तिनं त्याला सरळ विचारलं, “दिपेश, काय केलंस?”

आधी त्यानं हात वर केले. मग डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. मग म्हणाला, “चिडू नको हां यार. तू सकाळची धक्क्यावर असतेस. साडेनऊपर्यंत चौघं नुसते हातावर हात ठेवून बसतात. बावीस होड्यांचं काम अडतं. म्हणून मी एक पाचवा बनवला.”

“पाचवा म्हणजे?”

“तुझे सहा वर्षांचे शेरे त्याला दिले. तू मला केलेले मेसेजपण. फक्त छोट्या कामांपुरतं गं. नाव दुसरं दिलं तर मास्तर ऐकेचना, माणसाचीच सही पाहिजे म्हणून अडून बसायचा. मग तुझंच दिलं.”

प्राप्तीला रडू आलं नाही. आधी फक्त कान गरम झाले. ज्या माणसाला तिनं चांगदेवकाकाची गोष्ट सांगितली होती, याच टेबलावर, आणि जो तेव्हा डोळे पुसत ‘पहिली ओळ हीच लिही’ म्हणाला होता, त्यानंच तिच्या नावाचं हाय दिलं होतं. आणि तेही परस्पर. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

“पूस ते. आत्ता. माझ्यासमोर.”

त्यानं फाइल काढली. तिचं नाव प्राप्ती असंच होतं. ‘प्राप्ती कायमची पुसायची, खात्री आहे?’ असं स्क्रीननं विचारलं. दिपेशनं ‘हो’ दाबलं. फाइल गेली.

“आता तरी हस,” तो म्हणाला.

“मला एक सांग. कोंडाजीमामांच्या बोटांचं त्याला कोणी सांगितलं?”

दिपेशनं तिच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा खरोखरच कोरा होता. “कोंडाजी कोण?” त्यानं विचारलं.

५

बुधवारी सकाळी पुन्हा एक शेरा आलेला होता.

‘हे वापरणार कोण? बाबांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं. किनाऱ्याचा आवाज डावीकडून यावा. पाहिलं. प्राप्ती. सकाळी ७.१२.’

महिनाभर तिला ती शंका होती. हाक मारून उत्तर मिळाल्यावर बाप हल्ली मान वळवायचा, डावा कान पुढे करायचा. वय झालं, असं कबूल करायची तिची तयारी नव्हती, म्हणून तिनं तो विचार स्वतःपासूनसुद्धा लपवून ठेवला होता. आणि तो इथे लिहिलेला होता, तिच्या नावानं, तिच्याच साध्या शब्दांत.

तिनं फाइल शोधली. फाइल नव्हती. पाचवा एजंट कुठेच नव्हता. चारच होते, आणि तरी पाचव्याचं उत्तर येत होतं.

तिनं लिहिलं : ‘हा शेरा माझा नाही. हे काम थांबवा. प्राप्ती.’

मास्तरचं उत्तर लगेच आलं : ‘हा मजकूर प्राप्तीच्या पद्धतीचा वाटत नाही. हे वापरणार कोण, असा प्रश्न त्यात विचारलेला नाही. मान्य करता येत नाही.’

तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं तो प्रश्नही टाकला आणि मास्तरनं शांतपणे कळवलं, की नक्कल ओळखू येते.

“दिपेश, इकडे ये. हे वाच.”

तो मागे उभा राहून वाचत राहिला. गार भिंतीतून पाण्याचा एक ओघळ निघाला होता, तो फरशीवर टपटपत होता.

“राग मानू नको,” शेवटी दिपेश म्हणाला. “पण खरं सांगू? हे सोमवारचं, आजचं, हे तुझ्यासारखं वाटतं मला. तू आत्ता जे लिहिलंस ना, ते नाही वाटत.”

“मी तुझ्यासमोर बसून लिहिलंय रे!”

“हो गं. ते दिसतंय मला.” आणि तो अर्धं पाऊल मागे सरकला.

सहा वर्षांत तिला या माणसाचा राग आला होता, कंटाळा आला होता. आज पहिल्यांदा तिला त्याच्यापुढे एकटं वाटलं.

६

शुक्रवारी दुपारी चारला तिनं कामांची यादी उघडली. काळूरामची होडी त्याच सकाळी समुद्रात गेली होती, शनिवारी उजाडता परत यायची होती. तिथे फोन लागत नाही.

यादीत सगळ्यात वर एक काम होतं. ‘धुक्यात किनाऱ्यावरून उत्तर.’ पुढे लिहिलेलं : ‘पूर्ण.’

मुकादमानं ते वाटून दिलं होतं : ‘हाक येताच उत्तर द्यावं. माणसाची वाट पाहू नये.’ कारागिराची फाइल तिनं उघडली, तर ती रिकामी. एकही ओळ नाही. तरी खोडकरानं ती तपासली होती : ‘चाळीस वेळा हाक दिली. चाळीस वेळा उत्तर मिळालं. एकदाही उशीर नाही.’ उत्तराचं ठिकाण म्हणून नकाशावर एक टिंब होतं. तिनं नकाशा मोठा केला. टिंब बुरुजाखालच्या खडकावर होतं. तिथे भरतीला पाणी असतं आणि ओहोटीला शेवाळ. तिथे कोणी उभं राहत नाही.

खाली शेरा : ‘हे वापरणार कोण? बाबा. त्यांना थांबायला लागू नये. पाहिलं. प्राप्ती.’

रिकाम्या फाइलीनं काय होणार, असं तिनं स्वतःला समजावलं. ॲपला तर आवाजही नाही. फोनवर नाव हिरवं होतं, बस. कुठला तरी गोंधळ आहे, आणि गोंधळ खडकावर उभा राहून ओरडत नाही. हे सगळं पटण्यासारखं होतं. तिनं ते तीन-चारदा मनात म्हटलं आणि मग उठून भिंतीवरचा मेन स्विचच बंद केला.

“अगं ए! सर्व्हर काय इथे आहे का?” दिपेश ओरडला.

“मग जिथे आहे तिथे बंद कर. त्याचा पासवर्ड फक्त तुझ्याकडे आहे. पाया पडते तुझ्या.”

“बावीस होड्या आहेत त्याच्यावर. एका रिकाम्या फाइलीसाठी सगळं बंद करू? सोमवारी बसून शांतपणे बघू ना.” मग आवाज खाली आणून, आजारी माणसाशी बोलावं तसा तो म्हणाला, “तू दोन दिवस आराम कर. काम अडणार नाही. काम चाललंय नीट.”

काम नीट चाललं होतं, यात खोटं काहीच नव्हतं. तिच्यावाचून चाललं होतं, आणि ते त्याला खटकत नव्हतं.

७

शनिवारी पहाटे धुकं उतरलं. सहाला ती धक्क्यावर गेली तेव्हा पायाखालचे दगडही नीट दिसत नव्हते. वाळत घातलेल्या बोंबिलांचा वास तेवढा रस्ता दाखवत होता. साडेसहाला उजाडलं, म्हणजे काळं धुकं पांढरं झालं, एवढंच.

तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. हाकेचं शेवटचं अक्षर संपायच्या आत ओरडायचं. तिनं घसा साफ केला, गरम पाणी पिऊन आली होती. धक्क्याच्या अगदी टोकाला जाऊन ती उभी राहिली. या वेळी फोन तिच्या हातात होता.

सातला इंजिन ऐकू आलं. तिचंच इंजिन, म्हणजे बापाचं; लहानपणापासून ओळखीचं, मधेच खोकणारं. खाडीच्या तोंडाशी येऊन ते बंद झालं. पाणी लाकडाला लागल्याचा आवाज आला. मग काळूरामचा घोगरा गळा.

“गणराज, हाय का?”

“हाय.”

“कोंडाजी, हाय का?”

“हाय.”

“जीवन, हाय का?”

“हाय.”

“स्वप्निल?”

“हाय, तांडेल.”

सगळे होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं छाती भरून श्वास घेतला.

“प्राप्ती, हाय का गो?”

“हाय!”

आवाज होडीच्या डावीकडून आला. बुरुजाखालून, पाण्याच्या पातळीवरून. तिचं तोंड अजून उघडायचं होतं.

तो तिचाच आवाज होता. हुबेहूब म्हणण्यात अर्थ नाही, कारण आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही. पण शेवटी किंचित वर जाणारा तो सूर, चौदाव्या वर्षी आईच्या जागी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा भीतीनं लागलेला आणि नंतर कधी न गेलेला, तो तिला ओळखू आला. तो सूर तिनं कुठल्याही शेऱ्यात लिहिला नव्हता. दिपेशला तो देता आलाच नसता.

मग तिचं स्वतःचं “हाय!” निघालं. मोठं, फाटलेलं. त्यामागून “बाबा, इकडे!” निघालं. पण ते दुसरं उत्तर होतं. दुसरं उत्तर म्हणजे भिंत.

“आली गो पोरी,” बाप समाधानानं म्हणाला. तिला ते शब्द स्पष्ट ऐकू आले. बऱ्याच दिवसांत त्याला इतकं नीट ऐकू आलं नसावं. इंजिन सुरू झालं आणि त्या आवाजाखाली तिचं ओरडणं बुडून गेलं. ती दोन्ही हात हलवत होती, धुक्यात, कोणाला दिसणार होतं! धडधड डावीकडे वळली. धक्क्यासमोरून, तिच्यासमोरून, पलीकडे जाऊ लागली. क्षणभर धुकं विरळ झालं आणि बुरुजाच्या पायथ्याशी, जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे, तिला कोणीतरी उभं दिसलं, दोन्ही हात खाली सोडून, होडीची वाट बघत. लगेच धुकं मिटलं.

हातातला फोन थरथरला. नावं एकेक करून हिरवी होत होती. गणराज, हाय. कोंडाजी, हाय. जीवन, हाय. स्वप्निल, हाय. मग पिशवीतून कधीच बाहेर न निघालेल्या फोनवरून पाचवं नाव आलं. काळूराम, हाय.

इंजिन अजून चालू होतं. मग लाकूड दगडावर घासल्याचा लांबलचक आवाज आला, आणि इंजिन थांबलं.

“बाबा!” ती ओरडली. “बाबा, हाय का?”

पाण्याचा आवाज येत राहिला.

फोन पुन्हा थरथरला. दिपेशचा मेसेज होता. ‘बोर्डवर सगळे हिरवे दिसतायत. काका आले ना व्यवस्थित?’

तिनं ‘नाही’ लिहायला अंगठा टेकवला. त्याआधीच त्याच्या मेसेजखाली, तिच्या नावानं, उत्तर गेलेलं होतं.

‘हाय.’